बारवेवरचा शेंदरी गोल

सन एकोणीसशे शहात्तरच्या जानेवारीत, बारा तारखेला, ग्रामीण लोकजागृती व फलक विभागाच्या सर्व कर्मचाऱ्यांनी दुपारी तीन ते पाच या वेळेत प्रेरित व्हावे, असे परिपत्रक निघाले. हा विभाग परभणीत नेमका कुठल्या इमारतीत होता ते विचारू नका. एका कचेरीचं नाव घेतलं की बाकीच्या कचेऱ्यांना आपली कदर झाली नाही असं वाटतं.

परिपत्रकात कशाचीही कसर ठेवली नव्हती. मुंबईचे सुप्रसिद्ध ग्राफिक डिझायनर श्री. डी. राव यांचे व्याख्यान होणार होते. प्रेरणा घेणे सक्तीचे होते. रजेवर असलेल्यांनी परतताच राहिलेली प्रेरणा भरून काढायची होती. आणि आठ दिवसांत प्रत्येकाने प्रेरित झाल्याचा अहवाल तीन प्रतींत द्यायचा होता, ज्यात ‘प्रेरणेपूर्वीची स्थिती’, ‘प्रेरणेनंतरची स्थिती’ आणि ‘फरक’ असे तीन रकाने होते. फरक न आढळल्यास कारणे दाखवायची होती. दिवस शिस्तीचे होते. तेव्हा सगळंच वेळेवर व्हायचं, निदान व्हावं असं भिंतीवर लिहिलेलं असायचं.

त्या भिंतीवर लिहिणारा माणूस म्हणजे चंद्रभान. विभागाचा पेंटर. त्यानं परिपत्रक दोनदा वाचलं आणि हेडक्लार्क पंडितरावांना विचारलं, "साहेब, ग्राफिक डिझायनर म्हंजी कोण हो?"

"पेंटरच की," पंडितराव म्हणाले. "फक्त त्याचे हात भरत नाहीत."

चंद्रभान सात वर्षं हंगामी होता. म्हणजे दर सहा महिन्यांनी त्याला एका दिवसापुरतं कामावरून काढत आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं घेत. त्या एका दिवशीही तो कचेरीत येऊन बसायचा, कारण ब्रश वाळले तर दुसऱ्या दिवशी त्यालाच निस्तरावं लागे. पण हात होता माणसाचा! त्यानं पत्र्यावर ‘येथे थुंकू नये’ असं लिहिलं की माणसं थुंकायची थांबून अक्षर बघत उभी राहत. मग थुंकत.

या चंद्रभानच्या कोठीत दोन महिन्यांपासून एक फलक रंगवून तयार होता. साहेबांच्या सहीवाचून अडला होता. फलक बोरटेकडीच्या बारवेवर लावायचा होता. बोरटेकडी म्हणजे पिंगळी स्टेशनावर उतरून दोन कोस तुडवल्यावर लागणारं गाव, आणि तिथं चंद्रभानची थोरली बहीण धुरपताबाई दिलेली. गावाची बारव जुनी, पायऱ्यांची, गोड पाण्याची. माणसं पायऱ्या उतरत, पाण्यात पाय घालून घागरी भरत, आणि वर्षाच्या वर्षाला त्याच पायांतून नारू निघे. ज्यानं नारू पाहिला नाही त्याला तो सांगूनही कळायचा नाही. पाण्यावाटे पोटात गेलेला किडा वर्षभरानं पायातून दोऱ्यासारखा बाहेर पडतो. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. घाई केली आणि तुटला, की पाय गेला म्हणून समजा. मागच्या वर्षी ऐन पेरणीत धुरपताबाई अडीच महिने भिंतीला टेकून काडी फिरवत बसली होती. चंद्रभान दर रविवारी जायचा, तिच्याजवळ बसायचा आणि परत यायचा. अक्षरांच्या माणसाला तिथं करण्यासारखं काही नव्हतं. त्याचा जीव नुसता तळमळायचा.

तसा गावात इलाज होता. दुष्काळात शाळेजवळ हातपंप बसला होता. त्याचं पाणी मचूळ, पण निर्मळ. मात्र ते कुणी पीत नव्हतं, आणि बौद्धवाड्यातले लोक तर मुळीच नाही. चंद्रभाननं बहिणीला एकदा सांगून पाहिलं, तर ती उसळलीच.

"आपल्या आज्याला त्या बारवेवर उतरू दिलं न्हाई. बापाला दिलं न्हाई. आता कुठं आमी हक्कानं घागरी भरायलोत, तर माझा सख्खा भाऊ मला म्हणायलाय पिऊ नको! कुणी शिकवलं रं तुला हे?"

तिचं चूक नव्हतं. त्या गावात ‘पिऊ नका’ या दोन शब्दांचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या एकच होता. म्हणून त्यानं आठ रात्री डोकं खाजवून फलकाचा मजकूर असा जुळवला:

‘या बारवेचे पाणी कोणीही पिऊ नये. यात नारूचे जंतू आहेत. मनाई जातीची नाही, रोगाची आहे. ती सर्वांना सारखी आहे. शाळेजवळच्या हातपंपाचे पाणी प्यावे.’

मोजून तेवीस शब्द. त्यातला एकही काढला तर कुणीतरी दगावेल, असा हिशेब करून लिहिलेले.

बारा तारखेला चंद्रभान तो फलक बगलेत मारूनच व्याख्यानाला गेला. जागृती अधिकारी रंगनाथराव तिथं भेटतील, जमलं तर सही घेऊ, हा हेतू. प्रेरणेची हजेरी दाराशीच घेत होते. सभागृह शिगोशीग भरलं होतं.

रंगनाथरावांनी पाहुण्यांची ओळख करून दिली, तेव्हा कळलं की पाहुणे मूळचे याच मातीतले, पेडगावकडचे. जन्मनाव दत्तात्रय. गावात सगळे दत्तराव म्हणायचे. मुंबईत गेल्यावर त्यांनी नावातलं अनावश्यक ते काढून टाकलं आणि डी. राव उरले. "लवकरच," रंगनाथराव भारावून म्हणाले, "ते नुसते डी होणार आहेत."

टाळ्या झाल्या.

डी. राव खादीचा बिनकॉलरचा झब्बा घालून उभे राहिले आणि अर्धा मिनिट काहीच बोलले नाहीत. लोकांना वाटलं विसरले. मग ते हळूच म्हणाले, "गाळा."

मागच्या रांगेत कुणीतरी दचकून तंबाखूची पुडी खिशात घातली.

"गाळा," डी. राव म्हणाले. "जे सांगायचं त्यातलं अर्धं गाळा. उरलेल्यातलं अर्धं पुन्हा गाळा. गाळून जे उरतं, तेच खरं." मग त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. दुधाच्या एका दुकानाची पाटी होती. आधी तिच्यावर गाय, गवळी, चरवी आणि उगवता सूर्य असा गोतावळा होता. डी. रावांनी सूर्य काढला. मग गवळी गेला. मग चरवी गेली. शेवटी गायही गेली आणि पांढऱ्यावर एक पांढरा थेंब राहिला. "दिसतोय?" त्यांनी विचारलं. तो कुणालाच दिसत नव्हता, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात वीज गेली. भर दुपारी बंद खिडक्यांचं सभागृह गुडुप झालं. डी. रावांचा आवाज आला, "पाहा! सगळं गाळलेलं." आणि असा टाळ्यांचा कडकडाट झाला की वीज गेल्याची तक्रार करायला उठलेला शिपाई खाली बसला.

खोटं कशाला सांगा, चंद्रभानच्याही अंगावर काटा आला. अक्षर, रेघ, मोकळी जागा यांच्याबद्दल इतक्या अदबीनं बोलणारा माणूस त्यानं जन्मात पाहिला नव्हता. कचेरीत त्याला ‘लवकर आटप’ यापलीकडे कुणी काही बोललेलं नव्हतं. व्याख्यान संपलं तसा तो गर्दीतून वाट काढत पुढं गेला आणि फलक दोन्ही हातांनी समोर धरला.

"साहेब, एवढं जरा बगता का?"

डी. राव थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे तुम्ही काढलं? मोजपट्टी न लावता?"

"व्हय साहेब."

"अहो, या ‘नारू’तल्या ‘रू’चं वळण बघा! मुंबईत अशी मोकळी वळणं राहिली नाहीत." त्यांनी अक्षरावरून बोट फिरवलं. चंद्रभानच्या डोळ्यांत पाणी आलं. मग डी. राव दोन पावलं मागं सरले आणि त्यांनी मान तिरकी केली. "पण बोलतोय किती हा फलक! तेवीस शब्द! गाळा."

"कोणता गाळू, साहेब?"

"ते फलकालाच विचारा," डी. राव म्हणाले आणि चहाला गेले.

हे बोलणं शेजारी उभ्या रंगनाथरावांनी ऐकलं, आणि तिथंच घात झाला. परिपत्रक त्यांनीच काढलं होतं, तेव्हा ‘फरक’ या रकान्यात त्यांना स्वतःलाही काहीतरी भरायचं होतं. पंडितरावांनी आपल्या अहवालात ‘प्रेरणेपूर्वी: ठीक. प्रेरणेनंतर: ठीक. फरक: दोन तास’ असं लिहून सुटका करून घेतली होती. अधिकाऱ्याला असं सुटता येत नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी ‘मजकूर गाळणी समिती’ नेमली. अध्यक्ष ते स्वतः, सचिव पंडितराव, आणि तांत्रिक सदस्य म्हणून चंद्रभानला उभं राहण्याची परवानगी.

समितीनं पहिल्या बैठकीत शेवटचं वाक्य घेतलं.

"शाळेजवळच्या हातपंपाचे पाणी प्यावे," रंगनाथरावांनी वाचलं. "फलक कुठं लागणार? बारवेवर. मग बारवेच्या फलकावर हातपंपाची जाहिरात कशासाठी? गाळा."

"साहेब, पण मग लोकांनी प्यावं काय?"

"ते या फलकाच्या कक्षेत येत नाही."

दुसऱ्या बैठकीत ‘मनाई जातीची नाही’ हे वाक्य पुढच्या वाक्यासकट आलं. रंगनाथराव कपाळाला हात लावून बसले. "चंद्रभान, समाजातून जात गेलेली आहे. आपणच गेल्या वर्षी तसे अडीचशे फलक रंगवले. तुम्हीच रंगवले. आता त्याच विभागानं लिहायचं की जात नाही? म्हणजे होती, असं होईल ना!"

"साहेब, ते वाक्य ऱ्हाऊ द्या," चंद्रभान काकुळतीला आला. "बाकी समदं काढा. माझी बहीण हाय तिथं. नुसतं पिऊ नका म्हणलं तर ती मुद्दाम पिईल. आणि मी तिच्या जागी असतो तर मीबी पिलो असतो."

"हे तुमचं खाजगी कारण झालं," पंडितराव समजुतीनं म्हणाले. "दोन प्रतींत दिलंत तर जोडून ठेवतो."

तिसऱ्या बैठकीत नारू निघाला. पायातून नव्हे, मजकुरातून. विभागाच्या तिमाही अहवालात नारू सप्टेंबरअखेरच संपवलेला होता. संपलेल्या रोगाचं नाव सरकारी पत्र्यावर घालणं म्हणजे स्वतःच्याच अहवालावर अविश्वास दाखवणं. त्यामुळे तेही वाक्य गेलं. उरलं: ‘या बारवेचे पाणी कोणीही पिऊ नये.’ यावर रंगनाथराव बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "यात प्रेरणा नाही. ‘नये’ हा नकार आहे. शासन नकारानं बोलत नाही." ‘नये’ काढून पाहिलं, तर फलक पाणी प्यायला बोलवायला लागला. तेव्हा समितीनं एकमतानं ठरवलं की अक्षर हीच अडचण आहे. गावातले निम्मे लोक निरक्षर. त्यांच्यासाठी अक्षरं म्हणजे डी. रावांच्या भाषेत गवळी आणि चरवी. आता खूण हवी. आकार हवा.

"लाल त्रिकोण काढावा का?" पंडितरावांनी विचारलं.

"शुद्धीवर आहात का? त्रिकोण दुसऱ्या खात्याचा आहे, नसबंदीवाल्यांचा. बारवेवर त्रिकोण दिसला तर पुरुषमाणसं गाव सोडून उसात जाऊन बसतील. चौकोन?"

"चौकोन म्हणजे फळाच झाला साहेब. फळ्यावर फळा."

म्हणून गोल. लाल गोल म्हणजे धोका, हे सिग्नलवरून जगजाहीर आहे. बोरटेकडीत सिग्नल नव्हता, पण पिंगळीला होता, आणि दोन कोस म्हणजे काही फार नाही. ठराव मुंबईला पाठवला. डी. रावांचं उत्तर आलं, एका ओळीचं: ‘फार सुंदर. फळासुद्धा गाळा.’ म्हणजे गोल थेट दगडावर काढायचा. बारवेच्या तोंडाशी कमरेएवढा उभा दगड होताच.

चंद्रभान रंग घ्यायला भांडारात गेला. लाल रंग संपलेला होता. शेंदरी होता.

"शेंदरी चालंल का?" त्यानं पंडितरावांना विचारलं.

"शेंदरी हा लालचाच हंगामी," पंडितराव म्हणाले आणि सही केली.

एप्रिलच्या उन्हात चंद्रभान बोरटेकडीच्या बारवेवर बसून दगडावर शेंदरी गोल काढत होता. हात कसलेला, त्यामुळे गोल असा उतरला की कंपासनं लाजावं. धुरपताबाई घागर कमरेवर घेऊन तिथं आली आणि बघत उभी राहिली.

"हे काय काढायलास?"

"धोक्याची खूण हाय, आक्का. या पाण्यात नारू हाय म्हणून."

"ह्यात कुठं हाय नारू? कुणाला कळंल हे?"

"मुंबईच्या साहेबाला कळतंय."

"तो येणार हाय का हितं पाणी प्यायला?" धुरपताबाई म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

चंद्रभाननं मान वर केली नाही. त्याला लाज वाटत होती. तेवीस शब्दांचा पत्रा कोठीत भिंतीकडं तोंड करून ठेवला होता, आणि हा असा टिळा काढत बसला होता.

पुढं काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल, कारण तुम्ही याच मुलखातले. ते फक्त समितीला कळलं नव्हतं. उभा दगड, त्यावर शेंदरी रंग, आणि पाण्याची जागा. सोमवारी कुणीतरी फूल ठेवलं. मंगळवारी तेल पडलं. शनिवारी नारळ फुटला. पुढल्या शनिवारी देवाचं नाव गोलोबा पडलं, आणि गोलोबा आपल्या आज्याच्या सपनात आला होता असं सांगणारे तीन जण निघाले. गावचे पुढारी आबासाहेब यांनी वर पत्रा टाकून दिला, दोन बाजूंना घंटा बांधल्या. आणि देवाच्या पायाशी असलेलं पाणी पाणी थोडंच राहतं? ते तीर्थ झालं. जी माणसं पूर्वी नुसती तहान लागली की पीत, ती आता न लागताही प्यायला लागली. आजूबाजूच्या गावांतून कळशा येऊ लागल्या.

आबासाहेब एका सकाळी बौद्धवाड्याच्या तोंडाशी आले आणि फार सभ्यपणे बोलले. "मनाई मुळीच न्हाई बरं का. कायदा आमी मानतो. पर तुमचा धम्म न्यारा, तुमी देव मानत न्हाई. मग देवाच्या पाण्याशी तुमाला काय करायचंय? उगी देवाचा कोप कामून ओढून घ्यायचा?"

धुरपताबाई पदर खोचून निघालीच होती. "माझ्या भावानं काढलेला गोल, आन्‌ मलाच बंदी! आज उतरतेच मी. बगते कोण आडवतंय." चंद्रभान रविवारचा आलेला होता. त्यानं अंगणात तिचे पाय धरले.

"आक्का, तू खरी हायस. तुझा हक्क हाय. मी तुझ्यासंगं कोर्टात येतो, ठाण्यात येतो. पर येक वरीस हातपंपाचं पी. माझ्यासाठी पी. तुझ्या पायाकडं बघून पी."

ती रडली. रागानं रडली. पण भावाचा शब्द तिनं मोडला नाही, आणि तिच्यामागं सगळा वाडा त्या मचूळ पाण्यावर गेला. रोज शिव्या देत प्यायचे.

चंद्रभाननं विभागाला कळवलं की खुणेचा देव झाला आहे, कृपया जुना फलक लावू द्यावा. पंडितरावांनी त्यावर शेरा मारला: ‘खुणेकडे लोकांचे लक्ष गेले काय? गेले. लोक थांबले काय? थांबले. हात जोडले काय? जोडले. लोकसहभाग समाधानकारक. कागद बंद करावा.’

कागद बंद झाला. नारू बंद होत नाही. तो पोटात वर्षभर दम धरतो. सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात बोरटेकडीत एकसष्ट माणसं काड्या फिरवत बसली. नारू संपलेला असल्यामुळे विभागानं त्यांची नोंद ‘पायाचे किरकोळ दुखणे’ अशी घेतली. बौद्धवाड्यात मात्र एकही नाही. रंगनाथरावांनी हा आकडा दोनदा तपासला आणि त्यांना भरून आलं. ज्या फलकामुळे एक सबंध वस्ती नारूमुक्त झाली, तो फलक महाराष्ट्रात दुसरा कुठं होता? त्यांनी आदर्श फलकाचा प्रस्ताव केला. तो लगेच मंजूर झाला. सोहळा बारवेवरच घ्यायचं ठरलं. डी. राव, जे आता नुसते डी झाले होते, स्वतः येणार होते. आणि त्यांच्या हस्ते फलकाचे चित्रकार चंद्रभान यांना कायम केल्याचा हुकूम मिळणार होता. सात वर्षं आणि वर एक, आठ वर्षांनी.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी चंद्रभान बहिणीकडं गेला, तर ती घरी नव्हती. ती मालनबाईच्या ओसरीवर सापडली. मालनबाई गावातल्या शेतकरी घरची, दोन एकरांची धनीण. दोघी जन्मभर एका बांधावर खुरपत आलेल्या. मालनबाईच्या दोन्ही पायांत नारू. धुरपताबाई तिची काडी फिरवत होती, सावकाश, बोटभर, जशी कधी स्वतःची फिरवायची.

"चंद्रभान, तूच बसवलास ना रं तो देव?" मालनबाईनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. "मग तूच इचार त्याला. रोज पाणी घातलं, उपास धरले. दुखणं वाढलं तसं ज्यास्ती तीर्थ पिले. माझं काय चुकलं?"

चंद्रभान तसाच उठला. दोन कोस चालत पिंगळीला गेला, गाडीनं परभणीला गेला, कोठी उघडायला लावली आणि भिंतीकडं तोंड केलेला पत्रा घेऊन सकाळी परत आला. निघताना बायकोला एवढंच बोलला, "उद्यापासून माझी नोकरी न्हाई असं समज." कायम व्हायच्या दिवशी काढून टाकलेला जिल्ह्यातला पहिला माणूस आपण असू, हे त्याला ठाऊक होतं. तरी इरादा पक्का होता.

बारवेवर मांडव होता. आबासाहेब पायाला फडकं बांधून, काठी टेकत स्वागत करत होते. अर्धा गाव लंगडत जमला होता. बौद्धवाडा मांडवाच्या बाहेर, हातपंपाच्या बाजूनं उभा होता. डी बोलायला उठले. "मी एक गोल सुचवला," ते म्हणाले, "तुम्ही त्यात प्राण ओतले. आकाराची याहून मोठी पूजा मी पाहिली नाही." टाळ्या झाल्या. मग आबासाहेबांनी पितळी तांब्यातून सगळ्यांच्या ओंजळीत तीर्थ घालायला सुरुवात केली. मंचावरून सुरुवात झाली. डी ओंजळ करून म्हणाले, "लहानपणी अशाच बारवेचं पाणी प्यायलोय. मुंबईत ही गोडी नाही."

तेवढ्यात चंद्रभान मंचावर चढला आणि त्यानं फलक समोर धरला. "साहेब, पिऊ नका. आधी हे वाचा. मोठ्यानं वाचा."

रंगनाथरावांचा चेहरा पांढरा पडला. डींनी तीर्थ उजव्या तळव्यात सांभाळत फलक वाचला. अगदी मोठ्यानं, थांबत थांबत, प्रत्येक शब्दाला वजन देत. या बारवेचे पाणी कोणीही पिऊ नये. यात नारूचे जंतू आहेत. मनाई जातीची नाही, रोगाची आहे. ती सर्वांना सारखी आहे. शाळेजवळच्या हातपंपाचे पाणी प्यावे. तेवीसच्या तेवीस शब्द मांडवभर घुमले.

मग डींनी मान तिरकी केली.

"तोच ‘रू’!" ते म्हणाले. "अहो, मी विसरलो नव्हतो. बघा मंडळी, या कलावंताची नम्रता बघा. आज, आपल्या गौरवाच्या दिवशी, तो आपलं जुनं काम घेऊन आला. गाळण्याआधी हे असं होतं," त्यांनी पत्र्याकडं बोट केलं, "आणि गाळल्यावर," त्यांनी गोलोबाकडं बोट केलं, "हे!"

मांडव टाळ्यांनी दणाणला. "काय अक्षर हाय!" माणसं म्हणाली. "मोती जणू!" रंगनाथरावांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. डी तीर्थ प्यायले. रंगनाथराव प्यायले. पंडितरावांनी दोनदा घेतलं. चंद्रभान ओरडत होता, "नारू होईल साहेब, नारू!" पण टाळ्यांत ते जयजयकारासारखं ऐकू आलं. आबासाहेब काठीवर वाकून त्याला हळूच म्हणाले, "तीर्थानं कुणाला रोग होतो व्हय? खुळा कुठला." आणि कायम केल्याचा हुकूम त्याच्या हातात आला. पत्रा धरलेला असल्यामुळे तो त्याला नीट घेताही आला नाही.

एक गोष्ट मात्र सोहळ्याच्या अहवालात आलेली नाही. मांडवाच्या कडेला मालनबाई बसली होती. तिच्याही ओंजळीत तीर्थ होतं. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिनं अक्षर पाहिलं नाही. डींनी वाचलं ते नुसतं ऐकलं. मग तिनं ओंजळ जमिनीवर उलटी केली, मांडवाच्या खांबाला धरून उठली आणि लंगडत हातपंपाकडं गेली. धुरपताबाईनं तिच्यासाठी दांडा मारला.

सगळे पांगल्यावर चंद्रभान पत्रा मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता. नोकरी कायम झाली होती आणि त्याला हुंदका आवरत नव्हता. धुरपताबाई येऊन शेजारी बसली. तिनं त्या अक्षरांवरून हात फिरवला.

"लय गोड काढलंस रं बाबा," ती म्हणाली. "तिथंच चुकलं. पुढच्या खेपेला जरा वंगाळ काढ. म्हंजी लोक मजकूर वाचतील."

वाचकहो, बाईंचा सल्ला ध्यानात ठेवून ही गोष्ट होईल तितकी वंगाळ लिहिली आहे. एवढं करूनही, इथवर आल्यावर तुमच्या तोंडून ‘छान जमलीय’ असं निघून गेलं असेल, तर बोरटेकडीला जरूर या. तांब्या बारवेवरच ठेवलेला असतो.